कोंडलेली हवा

मीटरवरचा आकडा पुन्हा उणे चारवर येऊन बसला, तेव्हा अक्षतानं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसून राहिली. भर रस्त्यात बैल बसावा तसा तो बसला होता. पंप नीट चालत होते, पंपातलं तेल तापलेलं होतं, गार पाणी वाहत होतं, आणि तरीही पिंपातली हवा एका मर्यादेखाली जायला तयार नव्हती. पुण्याच्या कंपनीला उणे सहा हवं होतं. उण्यापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढी आत हवा कमी. एकेका अंकाला दहापट, म्हणजे चार आणि सहा यांत शंभर पटींचा फरक.

कागदावर त्याचं नाव व्हॅक्यूम चेंबर होतं, पण कुपवाडच्या त्या वर्कशॉपमध्ये सगळे त्याला पिंपच म्हणत. स्टेनलेस स्टीलचं, छातीइतकं उंच, वर घुमटासारखं झाकण. पुढं त्याच्या पोटात दुर्बिणींचे आरसे ठेवले जाणार होते आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढणार होता. आत हवा उरली तर तो थर धुरकट येतो. म्हणून उणे सहा, आणि त्यात घासाघीस नव्हती.

वर्कशॉप पृथ्वीराजचं. त्याच्या वडिलांनी ते गुऱ्हाळाच्या काहिली आणि साखर कारखान्यांची भांडी बनवून उभं केलं होतं. हे काम घ्यायचा आग्रह मात्र अक्षताचा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती काही वर्षं इंदूरच्या एका प्रयोगशाळेत अशाच यंत्रांवर होती. लग्न होऊन मिरजेला आली, इथं नोकरीला लागली आणि हे काम सांगलीत होऊ शकतं असं पृथ्वीराजच्या कानीकपाळी ओरडत राहिली. शेवटी त्यानं हो म्हटलं. आता हे पिंप नापास झालं असतं तर असलं काम घेऊन पुन्हा कुणी त्या दारात उभं राहिलं नसतं, आणि अक्षता काहिलींना नंबर टाकत बसली असती.

कंपनीच्या कुलथे साहेबांचा फोन दुपारी आला. पृथ्वीराजनं सवयीनं तो स्पीकरवर घेतला आणि मग बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"काहिलीत रस आटवणं वेगळं आणि हे वेगळं, पृथ्वीराज. तुमचं वेल्डिंग गळतंय, दुसरं काही नाही. शुक्रवारी मी येतोय. तोवर जमलं तर बघा, नाहीतर वसईच्या वर्कशॉपला काम देऊन मोकळा होतो."

ऐकणाऱ्यांत धोंडिराम कांबळेही होते. पिंपाचं सगळं वेल्डिंग त्यांचं. साखर कारखान्यात बॉयलरचे परवानाधारक वेल्डर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पृथ्वीराजच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून इथं आणलं होतं. अक्षताचे ते सासरे. वर्कशॉपमध्ये ती त्यांना मिस्त्री म्हणायचा प्रयत्न करायची आणि दर वेळी तोंडातून मामाच निघायचं. त्यांनी हातमोजे काढले, खिळ्याला अडकवले आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "माजा रन गळत न्हाई."

रन म्हणजे वेल्डिंगची एक सलग ओळ. धोंडिरामांचा रन कापडावरच्या शिलाईसारखा एकसारखा यायचा. नवीन पोरं तो बघायला थांबायची.

गळतंय की नाही हे अक्षतालाही बघायचंच होतं. पुण्याहून भाड्यानं आणलेलं गळती शोधायचं यंत्र तिनं पिंपाला जोडलं. फुग्यात भरतात तो हेलियम सुईसारख्या तोटीतून बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर सोडायचा. कुठं केसाएवढी फट असली तरी हेलियम आत ओढला जातो आणि यंत्र ओरडतं. हेलियम वर चढतो, म्हणून सुरुवात वरून करायची. खालून केली तर खाली सोडलेला वायू वरच्या भोकातून आत शिरतो आणि आळ खालच्या सांध्यावर येतो. तिनं झाकण, खिडक्या, नळ्यांचे गळे, तळाचं कडं असं हळूहळू उतरत सगळं तपासलं. यंत्र गप्प. मग द्राक्षबागेवर घालतात तो प्लास्टिकचा कागद आणून तिनं सबंध पिंप गुंडाळलं आणि कागदाच्या आत हेलियम भरला. तरीही गप्प. बाहेरून आत काहीच जात नव्हतं.

"मग?" धोंडिराम म्हणाले.

"तुमचं बरोबर आहे मामा," अक्षता म्हणाली. "आणि आकड्याचंही बरोबर आहे."

ओलावा असेल म्हणून तिनं पिंपाला तापवायचे पट्टे बांधून ते शेकलं. आकडा थोडा हलला आणि पुन्हा तिथंच येऊन बसला. पृथ्वीराजचा धीर सुटत चालला होता. तो बाजारातून एक डबा घेऊन आला. सांधे बुजवायचं जाड वॉर्निश होतं ते. कुणी तरी त्याला सांगितलं होतं की एक हात मारला की कसलीही गळती थांबते. शुक्रवारपुरता तर आकडा उतरेल, एकदा माल गेला की पुढचं पुढं. अक्षतानं डबा उचलून त्याच्याच टेबलावर ठेवला. जिथं गळतीच नाही तिथं हे लावून काय बुजणार, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, मॅडम, काही तरी केलेलं दिसायला हवं.

"मग शुक्रवारी आकडा वाचायला मी नसेन," ती म्हणाली. "तुम्ही वाचा आणि साहेबांना तुम्हीच सांगा."

आवाज तिनं चढवला नव्हता. पण शेजारच्या ग्राइंडरवरच्या माणसानं मशीन बंद करून वर बघितलं.

घरी त्या संध्याकाळी ताटं वाढली तरी कुणी बोलेना. तिचा नवरा कुणाल मिरजेच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचा, त्याची दुपारपाळी होती. सासूबाई, जाईबाई, नुकत्याच विहारातून आल्या होत्या आणि त्यांना तिथल्या चार गोष्टी सांगायच्या होत्या. ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी आधी नवऱ्याकडं आणि मग सुनेकडं बघितलं.

"ह्येंचं तोंड बंद, तुजं तोंड बंद. त्ये पिंप तरी बोलतंय का न्हाई?"

"ते पण गप्पच आहे, आई."

"भाकरी वाढ," धोंडिराम म्हणाले.

"आली बाई एकदाची हवा भाईर," जाईबाई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

अक्षताला हसू आलं, पण डोकं पिंपातच होतं. बाहेरून काही आत शिरत नाही, आणि आत वायू येणं थांबत नाही. म्हणजे तो आधीपासूनच आत आहे. कुठं तरी एक कप्पा आहे, त्यात हवा कोंडलेली आहे आणि त्याचं तोंड इतकं बारीक आहे की ती झिरपत झिरपत बाहेर पडते आहे. दिवसेंदिवस पुरेल इतकी. इंदूरला असल्या गळतीला लटकी गळती म्हणायचे. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात बसवलेल्या स्क्रूखाली अशी हवा अडकते. पण पिंपातल्या प्रत्येक स्क्रूला तिनं स्वतः मधून छिद्र पाडून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला साप्ताहिक सुट्टी होती. ती किल्ली मागून घेऊन गेली, या वेळी पिंपाच्या आतच हेलियम भरला आणि तसंच बंद करून घरी आली. उद्देश सरळ होता. आत कुठं कप्पा असेल तर त्याच्या बारीक तोंडातून हेलियमही आत जाऊन बसेल. पुढच्या सकाळी तिनं पंप सुरू केले आणि यंत्राकडं बघत उभी राहिली. झाकणाच्या रबरी कड्यांत मुरलेला थोडा हेलियम आधी येतो आणि विरतो, हे तिला ठाऊक होतं. तो आला आणि ओसरला. पण त्याच्यामागून येणारा थांबेना. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी यंत्र एका सुरात कुरकुरतच होतं.

कप्पा होता. आता तो कुठं हे बघायचं.

तिनं ड्रॉइंग काढलं. पिंपाची भिंत तळाशी एका जाड कड्यात बसवलेली होती. तिथं आतून सलग रन, आणि बाहेरून बोटभर टाका, बोटभर मोकळं, पुन्हा बोटभर टाका असं दाखवलं होतं. त्याभोवती तिनंच लाल शाईनं गोल काढला होता. वेल्डिंग झालं त्या दिवसांत ती पाटणला आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेली होती. परत आली तेव्हा बाहेरचा सांधा घासून गुळगुळीत झाला होता आणि त्याच्यावर कंपनीनं सांगितलेला मोतिया रंग चढला होता. तिनं त्या रंगावर विश्वास ठेवला होता.

आता ती गुडघ्यांवर बसली आणि पत्र्याच्या पात्यानं रंग खरवडू लागली. टाका दिसला. त्याच्या पुढं मोकळी जागा दिसायला हवी होती, तिथंही टाकाच. ती खरवडत अर्धा वळसा पुढं गेली. कुठंही खंड नव्हता. बाहेरचा रन आतल्यासारखाच सलग होता, आणि दोहोंच्या मध्ये, भिंत आणि कडं यांच्या बारीक फटीत, हवेचं एक कडं कोंडलं गेलं होतं.

"मामा, हे सलग कुणी करायला सांगितलं?"

धोंडिराम दोन पावलं जवळ आले. "कुनी कशाला सांगाया पायजे? बोटभर मारा, बोटभर सोडा, ही काय रीत हाय? गॅदरिंगचं तोरण हाय का त्ये?"

तिनं ड्रॉइंगकडं बोट केलं. त्यांनी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, त्यांनी ते तेव्हाही वाचलं होतं आणि मनाविरुद्ध होतं म्हणून सोडून दिलं होतं. अक्षतानं समजावून सांगायला सुरुवात केली. काहिलीत किंवा बॉयलरमध्ये दोन्ही बाजूंनी मारलेला रन ही ताकद असते. इथं बाहेरचा रन कोंडवाडा झालाय. आतल्या रनमध्ये कुठं तरी सूक्ष्म छिद्र आहे, तिथून ती हवा झिरपते. बाहेरून शोधायला जावं तर बाहेरचा रन हेलियमला तिथवर पोचूच देत नाही. एवढं बोलून ती थांबली, कारण आपण काय बोललो ते तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"म्हंजे माजा आतला रन गळतोय," धोंडिराम म्हणाले.

वर्कशॉपमधले सगळे ऐकत होते. ती हो म्हणाली.

ते शेजारच्या, पत्रे ठेवायच्या लोखंडी घोड्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं ते तिच्याशी नव्हे, त्या सांध्याशी बोलल्यासारखं. कारखान्यात लागले तेव्हा आयटीआयचं प्रमाणपत्र खिशात असूनही त्यांच्या हातात वेल्डिंगची दांडी द्यायला लोकांनी वर्षं घालवली होती. घासायचं काम त्यांचं, रन दुसऱ्यांचे. अखेर एका गळीत हंगामात माणसं कमी पडली म्हणून दिली. पहिल्याच दिवशी त्यांना उमगलं की इथं नियम दोन आहेत.

"दुसऱ्याचं गळलं तर पत्रा खराब निगायचा," ते म्हणाले. "माजं गळलं तर कांबळे खराब. तवापासनं एका बाजूनं मारून म्या कवाच सोडलं न्हाई. आतनं गळलं तरी भाईर दिसाया नको."

अक्षताच्याही वाट्याला असलं थोडं आलं होतं, पण वेल्डिंगची दांडी अडवून धरणारं कुणी भेटलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"दिसायलाच हवं, मामा," ती म्हणाली. "न दिसणारं दुरुस्त कसं करायचं? बाहेरच्या रनला भोकं पाडावी लागतील."

पृथ्वीराज मध्ये पडला. शुक्रवार तोंडावर आलेला आणि ही चांगल्या सांध्याला भोकं पाडा म्हणते, हे त्याच्या पचनी पडेना. भोकं पाडून गळती वाढेल की कमी होईल, असं त्यानं रोखठोक विचारलं. अक्षतानंही रोखठोक सांगितलं, आधी वाढेल. त्यानं कपाळाला हात लावला. ड्रिल हातात घेऊन उभ्या असलेल्या सिद्धू नावाच्या पोराला त्यानं मानेनंच नको म्हणून खुणावलं.

धोंडिराम उठले आणि त्यांनी ड्रिल सिद्धूच्या हातातून घेतलं.

"किती खोल?"

"तुमचा रन संपेल तिथवर. त्याच्या पुढं नाही."

माझा रन किती जाड असतो ते मला विचारू नको, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि गुडघा टेकला. पंप चालूच ठेवले होते. स्टीलचे चकचकीत कुरळे किस खाली पडू लागले. पहिलं भोक पडलं, काहीच झालं नाही; तिथं भिंत कड्यात गच्च बसलेली होती. दुसरं, तिसरं. वळसा घालत ते मागच्या बाजूला गेले, पुढचं भोक पडलं आणि आकडा उडाला. उणे चारवरून उणे तीन, तिथून पुढं उणे दोन.

"बिघडलं की, मॅडम!" पृथ्वीराज म्हणाला.

"आता खरं गळायला लागलं," अक्षता म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. पंप सांभाळायला तिनं झडप अर्धी मिटली आणि एकेका भोकात तोटीनं हेलियम सोडू लागली. मागच्या भोकापाशी यंत्र असं किंचाळलं की गेटवरचा माणूस आत डोकावला.

पिंप उघडलं. धोंडिराम कमरेपर्यंत आत शिरले. यंत्रानं दाखवलेल्या जागी त्यांनी दिवा धरला, पण बोट थोडं डावीकडं नेलं. तिथं त्यांनी त्या दिवशी रन थांबवला होता. कड्याला वळसा घालताना हात पोचेना म्हणून जागा बदलून पुढं सुरू केला होता. थांबल्या ठिकाणी एक टिपका होता. भिंगातून बघितला तर त्याच्या मधोमध काळं काही, सुईचं टोकही जाडं वाटावं इतकं.

"ह्यो बघ," आतून त्यांचा आवाज घुमला. "शाना."

तो त्यांनी घासून काढला, अक्षतानं तिथं ॲसिटोननं पुसून घेतलं, आणि त्यांनी आतून पुन्हा रन मारला. या खेपेला थांबायची जागा येऊ नये म्हणून उताणे झोपून, मान वाकडी करून. बाहेर आले तेव्हा सिद्धूनं त्यांना पाण्याची बाटली दिली आणि ते ती उभ्यानंच प्यायले. पिंप बंद झालं, पंप सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता आली तेव्हा आकडा उणे सहाच्या घरात होता आणि अजून उतरत होता.

शुक्रवारी पृथ्वीराज सगळ्यांच्या आधी हजर होता. त्याच्या हातात पुट्टी आणि मोतिया रंगाचा डबा होता. भोकं बुजवून वर रंग मारायचा त्याचा बेत. ड्रॉइंग पाळलं नाही हे कुलथेंना त्या भोकांवरूनच कळणार. मग साहेब चढणार. आकडा आलाय, आता सांधा झाकला तर कुणाचं काय बिघडतं?

अक्षता म्हणाली, आज काही बिघडणार नाही. पण उद्या आतल्या रनला दुसरं भोक पडलं तर ते त्यांच्या लोकांना जन्मात सापडणार नाही, आपल्याला नाही सापडलं तसंच. पृथ्वीराज तरी ऐकेना. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि पुट्टीचा डबा त्याच्या हातातच राहिला.

कुलथे आधी आकड्यापाशी गेले. त्यांनी झडप बंद करून आकडा किती वेगानं चढतो ते स्वतः बघितलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि मान हलवली. माणूस कामात पक्का होता. मग पिंपाभोवती चक्कर मारताना ते वाकले.

"ही भोकं कसली? आणि बाहेरून सलग वेल्डिंग? ड्रॉइंगमध्ये तुटक आहे. कुणी केलं हे?"

पृथ्वीराज म्हणाला की साहेब, ते जरा असं झालं.

"म्या केलं," धोंडिराम म्हणाले. "आन् आतला रन गळत हुता, त्यो बी माजाच. म्या शोदला, म्या मारला. आता आकडा बघितलासा न्हवं?"

कुलथे पृथ्वीराजकडं वळून म्हणाले की आकड्याबद्दल तक्रार नाही, पण आमच्या गिऱ्हाइकाला भोकं पडलेलं चेंबर कसं दाखवायचं? ही बुजवून टाका, रंग मारा, मी आजच पास करतो. पृथ्वीराजच्या हातातला डबा त्यांनी बघितलाच होता.

"बुजवणार नाही," अक्षता म्हणाली.

"मॅडम, मी पास करतोय म्हटलं."

"नापास करा, साहेब. पण कारणात भोकं लिहा, आणि त्याच्या शेजारी आकडाही लिहा. मग कंपनीत कुणी तरी विचारेल की भोकं असून उणे सहा कसं येतं. ते त्यांना तुम्ही समजावून सांगा. मी पिंपात पुन्हा हवा कोंडून देणार नाही."

कुलथेंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुण्याला विचारतो म्हणून ते फोन घेऊन बाहेर गेले. काचेपलीकडं ते गाडीभोवती फेऱ्या मारताना दिसत होते. काहिलींवर नंबर टाकायचा लाल रंग आणि बारीक ब्रश कोपऱ्यात पडलेला होता. धोंडिरामांनी तो उचलला, पिंपापाशी बसकण मारली आणि पहिल्या भोकाभोवती लाल गोल काढला. मग दुसऱ्या. मोतिया रंगावर ते गोल दारातूनही दिसत होते. वळसा पुरा करून ते मागच्या भोकापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि गोलाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: बुजवू नये. त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत: धों. कांबळे.

पृथ्वीराज डोक्याला हात लावायला गेला आणि पुट्टीच्या डब्यामुळं त्याला ते जमलं नाही. त्यानं डबा खाली ठेवला आणि त्याचं झाकण पायानं दाबून बसवलं.

कुलथे आत आले. त्यांनी लाल गोल बघितले, अक्षरं वाचली, हातात ब्रश घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघितलं, मग अक्षताकडं. ती हाताची घडी घालून आकड्यासमोर उभी होती.

"हे वाळायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. "मला ट्रक बोलवायचाय."

"कुनी हात लावला न्हाई," धोंडिराम म्हणाले, "तर अर्दा तास."